थोरल्याची टिकली

मास्तरांना कुणी "नवा कॉम्प्युटर घ्या की आता" म्हटलं, की ते आधी त्या माणसाच्या पायांकडे बघायचे. चांगले दोन-तीन क्षण बघायचे आणि मग विचारायचे, "चप्पल झिजली म्हणून पाय बदलता काय बे तुमी?" समोरचा गार व्हायचा. खरं तर या बोलण्याला काडीचा अर्थ नव्हता. मास्तर स्वतः नेमकं उलटं करायचे. ते चप्पल तीच ठेवायचे आणि पाय बदलायचे. हे मी एकदा तोंडावर बोलून दाखवलं, तर त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

चौदा वर्षं मी त्यांच्याकडे कामाला होते. मोहोळहून रोज एसटीनं यायचे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचं घर, वर संसार आणि खाली दुकान. सोलापुरी चादरीवर मोर असतो ना, तो काही हवेतून येत नाही. लांब पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, ते पुठ्ठे मागावर चढवतात, जिथं भोक तिथं धागा उचलला जातो आणि मोर उमटतो. आम्ही कॉम्प्युटरवर मोर काढायचो आणि कॉम्प्युटरला जोडलेलं मशीन पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं. मोठ्या कारखान्यांनी पुठ्ठे कधीच सोडले, पण गल्लीबोळातले जुने माग पुठ्ठ्यांवरच चालायचे. त्यांचे मोर, कमळं, हत्ती सगळे आमच्याकडून जायचे.

दुकानात तीन कॉम्प्युटर होते. थोरला, मधला आणि धाकटा. भोकं पाडायचं मशीन फक्त थोरल्याला जोडलेलं होतं, आणि त्या मशीनचं जे कार्ड आत खोचावं लागायचं, ते नव्या कॉम्प्युटरात बसतच नसे. म्हणजे थोरला मेला की दुकान मेलं. त्याचा सांगाडा बदलता येत नव्हता, पण मेंदू बदलता येत होता. मेंदू म्हणजे प्रोसेसर, काडेपेटीपेक्षा लहान असा चौकोनी तुकडा. जुना काढायचा, जास्त ताकदीचा बसवायचा, की म्हातारा कॉम्प्युटर पुन्हा पळायला लागतो. इथवर सगळं शहाणपणाचं आहे. यापुढचं नाही.

मास्तर प्रोसेसर कधी नवा घ्यायचे नाहीत. "नव्या मालाचा काय भरवसा? वापरलेला म्हंजे टिकलेला." एक भंगारवाले चाचा पोत्यात प्रोसेसर भरून आणायचे आणि दारातूनच ओरडायचे, "मास्तर, ये देखो, बँक में का है. एकदम इमानदार!" मास्तर पुढचा प्रश्न विचारायचे, "कुठल्या खात्यातला?" चाचा कपाळाला हात लावायचे. "मेरेकू क्या मालूम बाबा, पोते में आया!"

मास्तरांचा पक्का समज होता, की प्रोसेसर आधी जिथं नांदला तिथली वळणं त्याला लागतात. कॉलेजातला सकाळी लवकर उठत नाही. बँकेतला प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो. एकदा सरकारी ऑफिसातला मिळाला, तो मधल्यात बसवला, आणि काय सांगू, तो रोज दुपारी दीड वाजता बंद पडायला लागला. मास्तर खूश. "बघ. जेवायची सुट्टी हाय त्याची." मी आठ दिवस पाळत ठेवली. दीड वाजता वर काकू, म्हणजे मास्तरांची बायको, चटणीसाठी मिक्सर लावायच्या आणि लाइट कमी व्हायची, एवढंच होतं. मी तसं सांगितलं. मास्तर वर गेले, दहा मिनिटांनी खाली आले आणि म्हणाले, "तुझ्या काकूला शाबासकी दिऊन आलो. त्याच्या सुट्टीच्या टायमालाच मिक्सर लावूलालीय. कामाच्या टायमाला लावली असती तर तरास झाला असता."

नवा आलेला प्रोसेसर ते लगेच बसवायचे नाहीत. भोकं पाडायच्या मशीनवर फळी होती, तिथं एका बशीत तीन दिवस ठेवायचे. सासरच्या आवाजाची सवय होऊ दे, म्हणायचे. काढलेला जुना कधी फेकायचे नाहीत. स्टीलच्या डब्यात प्रत्येकाची चिठ्ठी लावून ठेवलेली असायची. उद्या नव्याचं नाही जमलं तर जुन्यावर परत येता आलं पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. "परतीचा रस्ता न्हाय त्या गावाला जायाचं न्हाय." आणि वेग मोजायचे चहाच्या बशांत. मोराचं चित्र उघडायला किती बशा चहा पिऊन होतो? थोरल्याचा पहिला आकडा होता अडीच बशा.

प्रोसेसर गार राहावा म्हणून त्यावर लावायची पेस्ट त्यांनी चुन्याच्या डबीत भरून ठेवली होती. व्हायचं तेच झालं. चाचांनी एक दिवस ती तंबाखूला लावली, मळली आणि तोंडात टाकली. पुढच्या क्षणाला अंगणात थू थू थू. मी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावले, आणि मास्तर त्यांच्या मागं उभे राहून चौकशी करतायत, "गार लागली काय? नीट सांगा की, गार लागली काय?" चाचा चूळ भरत म्हणाले, "हौ, लगी थोडी." मास्तर माझ्याकडे वळले. "माल चांगला हाय, अम्मा. हाच मागवायचा."

मला ते अम्मा म्हणायचे. तेलुगू घरात लेकीला म्हणतात तसं.

आता टिकलीचं सांगते. चाचांच्या पोत्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधले प्रोसेसर यायचे. ताकद दांडगी, पण साध्या कॉम्प्युटरात बसत नाहीत म्हणून कुणी विचारायचं नाही. मास्तरांनी मोबाइलवर कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ बघितला. त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नाही आणि सगळं कळलं. "ह्याचा आज्जा विणकर असला पायजे," ते म्हणाले. "दोन धागं उलटं भरलेत, एवढंच सांगूलालाय तो." आणि तेवढंच होतं हो! प्रोसेसरच्या पोटावर शेकडो सोनेरी ठिपके असतात, त्यातल्या दोघांच्या जागा अदलाबदल झालेल्या. त्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक स्टिकर लावायचा, तो त्या दोघांना परत आपापल्या जागी जोडतो. शिवाय प्रोसेसर जिथं बसतो त्या सॉकेटला प्लास्टिकचे दोन बारीक कान असतात, ते ब्लेडनं कापायचे. स्टिकरला मास्तर टिकली म्हणायचे. कान कापायच्या आधी ब्लेडला हळदकुंकू लावलं आणि गल्लीत गूळ वाटला. मोर अर्ध्या बशीत उघडला.

त्या दिवसापासून मास्तरांचं नाव झालं. कुणी जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून आणायचं, कुणी अक्कलकोटहून एसटीच्या टपावर. टिकली केसभर सरकली तरी कॉम्प्युटर चालू होत नाही, आणि मास्तरांची टिकली सरकायची नाही. आयुष्यभर हजारो धागे एकेक करून ओवलेला हात होता तो.

आणि मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही, जाऊ लागले.

मला कळलं ते असं. दुकानात खुर्चीवर पुठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला होता आणि त्यावर कुणीतरी टोपी टाकली होती. मास्तर त्या गठ्ठ्याशी पाच मिनिटं बोलत होते. पाऊसपाणी झालं, सुताची अडचण झाली. शेवटी माझ्याकडे येऊन कुजबुजले, "कुठला माणूस हाय बे हा? लई गुर्मी. उत्तरच दीत न्हाय." मी हसले, आणि मग कळलं, ते थट्टा करत नव्हते.

काकू आणि मी त्यांना ओढूनच डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. म्हणाले, "आजोबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. काही घाबरायचं नाही. आतली भिंगं काढू आणि नवी बसवू."

मास्तर ताठ बसले. "नवी?"

"हो, एकदम नवी."

"वापरलेली न्हाय मिळत?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"म्हंजे कुणाच्या तरी डोळ्यात धा-बारा वर्सं नीट चाललेली," मास्तर समजावून सांगू लागले. "तसली असंल तर बघा. आणि आमची मूळची परत दिनार का?"

"मूळची परत? नाही आजोबा, ती आतच फोडून काढतात."

"फोडून!" मास्तर उठलेच. "अय्यो! आणि तुमची न्हाय जमली तर परत जुन्यावर यायाचं कसं?" असा प्रश्न डॉक्टरांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. मास्तर जिना उतरून रिक्षात जाऊन बसले. ती दुसऱ्याचीच रिक्षा होती, आत एक बाई बसलेली होती. मी तिची माफी मागितली.

त्यानंतर दोन-तीन टिकल्या चुकल्या. एका मुलाचा कॉम्प्युटर चालूच होईना. मास्तर तसेच खुर्चीत बसून राहिले, जेवायला वर गेले नाहीत. काकूंनी ताट खाली आणलं, ते तसंच परत गेलं. मला बघवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर आडवे झाले असताना मी सुईनं टिकली काढली आणि दुसरी सरळ लावली. संध्याकाळी कॉम्प्युटर चालू झाला. मास्तरांच्या तोंडावर जे काही आलं, ते बघून मला वाटलं, आपण पुण्य केलं.

पुण्य कसलं, माती खाल्ली मी. कारण मग ती सवयच झाली. ते टिकली लावायचे, "रातभर मुरू दे" म्हणून बशीत ठेवायचे, आणि मी गुपचूप ती सरळ करायचे. दहातली एखादी त्यांची त्यांनाच बरोबर लागायची, बाकीच्या नऊ माझ्या. मास्तरांनी यातून काय शोध लावावा? की डोळे लागतच नाहीत! "बोटं बघूलालीत, अम्मा. डोळं उगीच मधेमधे करीत होते." मग ते सगळ्यांसमोर मुद्दाम डोळे मिटून टिकली लावू लागले. लोक टाळ्या वाजवायचे. बाहेरगावचे लोक बघायला यायचे. मी मागं उभी राहून सुई लपवायचे.

डॉक्टर एकदा घरी येऊन गेले. काकूंना स्पष्टच सांगितलं, मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी दोन-तीन महिने काढलेत तर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग ऑपरेशन करूनही दिसणार नाही, कायमचं. काकू पदर तोंडाला लावून माझ्यापुढं रडल्या. "तुझं ऐकतेत गं ते. तू सांग की." मी काय सांगणार, कप्पाळ? त्यांना आंधळं व्हायला मीच मदत करत होते.

शेवटी मी कबुलीच दिली. दुकानात दोघंच होतो. म्हटलं, "मास्तर, तुमच्या टिकल्या मी सरळ करते. वर्ष झालं."

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू? तुझ्या स्वतःच्या कपाळावरची कधी सरळ बसली न्हाय, आणि तू माझी सरळ करनार?"

"सुईनं काढते आणि—"

"चालू दे. जळूलालीस तू." ते उठून उभे राहिले. "रविवारी बोलव सगळ्यांना. त्या डॉक्टरलापण बोलव. थोरल्यावर लावतो. मुरायला ठेवनार न्हाय, लगेच बसवनार, मीच बसवनार. तू लांब उभी राहा. थोरला चालू झाला तर ह्या घरात डोळा हा शब्द कुणी काढायचा न्हाय. न्हाय झाला तर सोमवारी मी त्या फोडनाऱ्याकडं जातो."

थोरल्यावर! सॉकेटमध्ये केसासारख्या शेकडो तारा उभ्या असतात. प्रोसेसर जरा तिरका टेकला की त्या वाकल्या, आणि त्या वाकल्या की थोरला गेला, दुकान गेलं. पण मला खरी भीती ती नव्हती. दहातली एखादी त्यांची बरोबर लागायची ना, ती नेमकी रविवारी लागली तर? शर्त जिंकायचे आणि आंधळे व्हायचे.

रविवारी सकाळी ते आंघोळीला गेले, तेव्हा मी थोरल्याचं झाकण उघडलं. आत रॅमची पट्टी असते, तिच्याशिवाय कॉम्प्युटर चालू होत नाही. ती मी किंचित वर ओढून ढिली केली. नुसती बघून कळणार नाही, इतकीच. असा बिघाड झाला की आतला छोटा भोंगा टूं टूं करून सांगतो, पण थोरल्याचा भोंगा कधीच मेला होता, नाहीतर त्यानंच चुगली केली असती.

वीस-पंचवीस माणसं जमली. डॉक्टरांना खुर्ची दिली, ते बिचारे शेंगाचटणी-भाकरीचं ताट मांडीवर घेऊन बसले. चाचा पहिल्या रांगेत. मास्तरांनी पांढरा सदरा घातला होता. त्यांनी डोळे मिटले, प्रोसेसर पालथा केला, डाव्या करंगळीनं त्याची कड चाचपली, नखानं एक कोपरा मोजला, दुसरा मोजला. ओठ हलत होते. धागे मोजतात तसे ठिपके मोजत होते की काय, कोण जाणे. टिकली उचलली, ठेवली, अंगठ्यानं दाबली. मग प्रोसेसर उलटा करून दोन बोटांत धरला आणि सॉकेटवर अलगद उतरवला. एक तार वाकली नाही. खटका लावला, पंखा बसवला आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

मास्तर पडद्याकडे तोंड करून बसले होते. त्यांना काळा आणि मोर यातला फरक दिसत नव्हता. एक मिनिट गेलं असेल. मग त्यांनी हळूच विचारलं, "आला का मोर?"

चाचांनी टोपी काढली. शेवटी काकूच म्हणाल्या, "न्हाय ओ आला."

मास्तरांनी मान हलवली. "सरे, सरे, बरं. उद्या किती वाजता यायाचं, डॉक्टर?"

सोमवारी ते गेले. टेबलावर आडवं पडल्यावर त्यांनी शेवटचं विचारलं, भिंग चालवून बघितलेलं आहे का. डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं, कंपनीत चालवून बघितलेलं आहे. आधी एक डोळा, पंधरा दिवसांनी दुसरा. महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. मास्तरांनी थोरल्याला वर आपल्या खाटेशेजारी नेऊन ठेवलं आणि त्याच्यावर चादर घातली. "दोन पेशंट एका खोलीत," म्हणाले. "आणि ह्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय." म्हणजे रॅम दाबून टाकायची माझी संधी गेली. महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही. मी मनाची समजूत घालायचे, टिकली वाकडी असणारच. दहातल्या नऊ असतात.

महिन्यानंतर त्यांनी मला वर बोलावलं. स्क्रू स्वतः काढले, एकही न चाचपता. प्रोसेसर उचलला, पालथा केला आणि खिडकीपाशी उजेडात गेले. बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "दुसरी टिकली आणू का, मास्तर?"

त्यांनी हात पुढे केला. मी बघितलं.

टिकली सरळ होती. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. धडधाकट डोळ्यांनी, सुई घेऊन, एवढी नेमकी मला कधी लावता आली नव्हती.

ते परत थोरल्याकडे आले. आत बोट फिरवत फिरवत रॅमपाशी थांबले. पट्टी हलली. त्यांनी ती दाबली, कट्ट असा आवाज आला. मग माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना दिसत होते.

"ही आपोआप ढिली होती काय, अम्मा?"

"नाही, मास्तर."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "काय झालतं ओ त्याला?"

मास्तरांनी प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवला, खटका लावला. मग मोठ्यानं म्हणाले, "काय व्हायाचंय? टिकली. पार वाकडी लावली होती मी. आंधळ्यानं उगीच शानपट्टी करू न्हाय."

चौदा वर्षांत या माणसाच्या तोंडून आपली चूक मी ऐकली नव्हती. मिक्सरमुळे बंद पडणाऱ्या प्रोसेसरलाही त्यांनी जेवायची सुट्टी दिली होती, पण आपलं चुकलं म्हटलं नव्हतं. आणि त्या दिवसापासून ते भेटेल त्याला सांगत सुटले. डॉक्टरांना सांगितलं, चाचांना सांगितलं, चौकात चहाच्या गाड्यावर सांगितलं. हातानं कोन करून दाखवायचे, "एवढी वाकडी बे, एवढी!" दरवेळी टिकली जरा जास्तच वाकडी व्हायची. लोक हसायचे, तेही हसायचे. माझ्याशी त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

मास्तर गेले त्याला आता दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना लख्ख दिसत होतं. परवा चाचा रस्त्यात भेटले. जुन्या आठवणी निघाल्या. डोळे पुसत म्हणाले, "मास्तर का हाथ मतलब हाथ था, बेटी. सारी जिंदगी में बस वो एक बार चुके." मी नेहमीसारखी "हौ चाचा" म्हणाले आणि घरी आले, आणि आता हे लिहायला बसलेय.

चुकले नव्हते ते. मोर यायला हवा होता. तो मी येऊ दिला नाही, आणि पुन्हा तो रविवार आला तर पुन्हा येऊ देणार नाही. पण टिकली सरळ होती.